आमचे दोन चेअरमन

टॅरंटुला पाळणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. कुत्रा पाळा, कुणी वळून बघत नाही. पण तळहाताएवढा केसाळ कोळी डब्यात ठेवा, आणि मग बघा! रस्त्यानं जाणारा माणूस गाडी स्टँडला लावून आत येतो, बघतो, ओरडतो, आणि ओरडून झाल्यावर असं काहीतरी बोलून जातो की पुढे वर्षभर ते पुरतं. मी आपली फोटो काढायला बसते. फोटो बहुतेक हलतात. किस्से मात्र शार्प येतात!

मी बेंगळुरूला प्राणिशास्त्र शिकले आणि शिरूर कासारजवळच्या आमच्या गावी परत आले. आल्या दिवसापासून एकच प्रश्न, "परत कावून आलीस?" मी तावातावानं सांगायचे, "आपला माळ रिकामा नाही म्हणून! त्या माळावर कोण कोण राहतं ते मला तुम्हाला दाखवायचंय!" समोरचा गंभीरपणे मान डोलवायचा आणि जाताना आईला हळूच विचारायचा, "नोकरी गेली का?"

त्या वर्षी दुष्काळ होता. गायी-म्हशी चारा छावणीत गेल्या आणि गावातलं दूध आटलं. गावच्या सहकारी दूध सोसायटीच्या दोन खोल्या आहेत. बाहेर ऑफिस आणि आत फॅट खोली, म्हणजे दुधाची फॅट तपासायची जागा. जाड दगडी भिंती, त्यामुळे भर उन्हाळ्यात गार. दूधच नाही म्हटल्यावर फॅट खोलीला कुलूप लागलं.

तिकडे माळावर पाणी अडवायला चर खोदायचं काम सुरू होतं. फाट्यावरचे मेकॅनिक सलीमभाई तिथली जेसीबी दुरुस्त करायला गेले, आणि परत येताना दुधाचं माप हातात धरून आले. मापावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पान्हा.

"ताई, बगा. हिचं बीळ चरात गेलं. डायवर फावडं उचलत हुता. म्या म्हनलं, थांब बे, आमच्या ताईचं गिऱ्हाईक हाय!"

पुठ्ठा सरकवला. आत पूर्ण वाढलेली टॅरंटुला मादी, पुढचे पाय उचलून, भांडायला तयार.

बीळ गेलेलं. आमच्या पत्र्याच्या घरात ठेवली तर दुपारपर्यंत भाजून निघाली असती. शिवाय आईनं निकाल दिलाच होता, "घरात ती राहील, नाहीतर मी." मी सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. त्यांना सारं गाव बाप्पा म्हणतं. बाप्पांनी डब्याकडे न बघता किल्ली काढून दिली.

"दूध येईस्तोवर ठेव. दूध आलं की हा कारभार भाईर! मंग माझ्याकडं यायचं न्हाई."

म्हणजे गावात दूध परत यावं अशीही माझी इच्छा, आणि ते आलं की ही बेघर! त्या उन्हाळ्यात मी देवाकडे नेमकं काय मागत होते, ते देवालाही कळलं नसेल.

*

पहिल्या दिवशी गया आत्या बघायला आल्या. सोसायटीच्या जुन्या सभासद. सभेत बोलायला उभ्या राहिल्या की माइक लागत नाही.

"काय नाव म्हनलीस? तरणी तुळसा?"

"टॅरंटुला, आत्या."

"त्येच की!" त्यांनी चष्मा लावून डब्यात नीट पाहिलं. "पर तरणी कुठली गं? मिशा फुटल्यात की तिला!"

*

पण तुळसा हे नाव टिकलं नाही. ते मारुती मुकादमामुळे.

मारुती मुकादम दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन कारखान्यावर जातो आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या ओट्यावर बसतो. मी डब्यात माती भरून दिली होती, तिच्यात या बाईंनी नवं बीळ केलं आणि त्याच्या तोंडाशी बसून राहिल्या. मारुतीनं एक दिवस बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं.

"ताई, ही दिवसभर काय करती?"

"बसते."

"जागची हलत न्हाई?"

"गरज पडली तरच."

"आन पुढ्यात काय आलं तर?"

"झडप घालून आत ओढते."

मारुती ओट्यावरून उठून उभा राहिला. "आरं, ह्यो तर आपला चेअरमन!"

बाप्पा त्या दिवशी कड्याला पाहुण्यांच्या गावी गेले होते. ते परत येईपर्यंत नाव गावभर पक्कं झालं होतं. फक्त त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक!

*

टँकरच्या रांगेत एकदा बातमी उठली की फॅट खोलीतल्या कातिणीला, म्हणजे कोळ्याला, मी पाणी पाजते. गया आत्या रिकामी घागर घेऊन तडक आत आल्या. मागोमाग त्यांची सून रुक्मिणी.

"मानसाला प्यायला पानी न्हाई, आन तू कातिनीला पाजतीस? दाव किती पाजतीस ते!"

मी दाखवलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण. अर्धं भरलेलं.

"ह्ये सकाळचं?"

"आठवड्याचं, आत्या."

आत्यांची घागर कमरेवरून खाली आली. "आंघोळ?"

"नाही."

"आरडाओरडा, रुसवा, म्हायेरी जानं?"

"काहीच नाही."

आत्यांनी सुस्कारा सोडला. "आमच्या पोरासाठी हीच बघाया पायजे हुती!"

रुक्मिणी मागून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बघा की आत्याबाई. ही नवऱ्याला खाती म्हनं."

आत्यांनी डब्यावरचा हात उचलला.

*

फोटो काढणं सोपं नव्हतं. केसांवर फ्लॅश थेट पडला की सगळं पांढरं होऊन जातं. उजेड मऊ करायला डिफ्यूझर लागतो. विकतचा मागवला तर आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही. सलीमभाईंनी विचारलं, "काम काय करतंय ते सांगा फकस्त." मी सांगितलं. त्यांनी सोसायटीची जुनी दुधाची गाळणी घेतली, तिला तार वाकवून फ्लॅशवर बसवली आणि वरून पांढरं फडकं ताणलं.

पहिलाच फोटो असा आला की मी ओरडले! जी गावाला मातकट तपकिरी दिसत होती, तिच्या पायांवर सोनेरी लव, आणि मांडीपाशी निळसर झाक. रुक्मिणी कॅमेऱ्याच्या पडद्यावरून डोळा काढेना. "ही एवढी नटून बसली हुती, आन आमाला दिसलंच न्हाई?"

ओट्यावर कुणीतरी सलीमभाईंना विचारलं, "गाळनी नेऊन ताई काय गाळती?"

"उजेड," सलीमभाई म्हणाले आणि पान्हा घेऊन कामाला लागले.

त्या दिवसापासून रुक्मिणी रोज यायला लागली. कॅमेरा धरायची, फोकस शिकायची. मी तिला एकच नियम शिकवला होता: कोळ्याला हात लावायचा नाही, चावला तर दुखतं, आणि आपल्या हातातून पडला तर तो मरतो. ती म्हणाली, "म्हंजी दोघांच्या बी भल्याचं. असा नियम पयल्यांदाच ऐकला."

*

सोसायटीची छावणी मागच्याच मैदानात होती. एकदा तपासणीचे साहेब आले. छावणीतल्या प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला असतो, ते बघत बघत ते ऑफिसपाशी आले. तिथे फक्त सलीमभाई होते.

"या खोलीला कुलूप का?"

आता आमच्याकडे सापाचं, विंचवाचं, असल्या कुठल्याही जिवाचं थेट नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. सलीमभाई सरळ मनानं म्हणाले, "आत जनावर हाय, साहेब."

साहेबांचे कान टवकारले. "जनावर? छावणीत सोडून खोलीत कोंडलंय?"

"भाईर न्हाई ठेवता येत. लोकं मारतेत."

"किती आहेत?"

"एकच."

"गाय का म्हैस?"

सलीमभाई गोंधळले. "मादी हाय."

"बिल्ला आहे का कानात?"

"कान न्हाईत, साहेब."

साहेब गर्रकन वळले. "कान कुणी कापले?"

"कापले न्हाईत, अल्लानं दिलेच न्हाईत! डोळे मातर आठ दिलेत."

मी किल्ली घेऊन पळत पोचले तेव्हा साहेब दारावर थाप मारत होते. दार उघडलं, डबा दिसला, आणि साहेब एका उडीत बाकावर! पण माणूस दिलदार. खाली उतरले, घाम पुसला, जवळ जाऊन बघितलं, चक्क मोबाइलवर फोटो काढला. निघताना मात्र त्यांच्यातला अधिकारी जागा झाला.

"खाते काय ही?"

"झुरळं, साहेब."

"असं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "झुरळाला अनुदान नाही, एवढं लक्षात ठेवा."

*

बाप्पांना अखेर कळलं ते माझ्याच हातून.

कोळ्याचे दात, म्हणजे सुळे, तोंडाखाली मिटलेले असतात. ते नीट दिसतील असा फोटो मिळायला मला कितीतरी बैठका लागल्या. मिळाला तेव्हा आनंदाच्या भरात मी तो आमच्या फोटोवाल्या चार जणांच्या ग्रुपवर टाकला. निदान मला तसं वाटलं. खाली लिहिलं, "आज चेअरमननी दात दाखवले! काय देखणे दात आहेत!"

तो गेला सोसायटीच्या ग्रुपवर. सगळे सभासद, तालुक्याच्या दूध संघाची माणसं, आणि बाप्पा!

आता आमच्याकडे रेंज अशी की मजकूर लगेच येतो, फोटो मागून गोल फिरत बसतो. आणि बाप्पांनी त्याच महिन्यात नवी कवळी बसवली होती. बाप्पांचं उत्तर ताबडतोब आलं.

"धन्यवाद. नगरला बसवली. पहिल्यांदा टोचते, मग सवय होते."

त्यावर संघाच्या एका माणसाचा अंगठा, गया आत्यांच्या मुलाचे नमस्काराचे हात, कुणाचं तरी "अभिनंदन बाप्पा!"

आणि मग सगळ्यांच्या फोनवर फोटो उघडला.

बाप्पा संध्याकाळी फॅट खोलीत आले. पहिल्यांदाच. डब्यासमोर खुर्ची घेऊन बसले. एक चेअरमन आत, एक बाहेर, दोघंही हलेनात. मी भिंतीला टेकून उभी.

"पोरी, हे नाव तू ठिवलं?"

"नाही बाप्पा." ते खरं होतं. मारुतीचं नाव मी घेतलं नाही.

"माझ्याइरुद्ध अविश्वास ठराव आणायचं घाटतंय, हे ठावं हाय न्हवं तुला? दर उन्हाळ्याला घाटतंय. त्यात आता हे."

ते उठले. दारात थांबून मागे वळले. "दूध येऊ दे. मंग सभेतच घेतो हा विषय."

*

आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते आणि त्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. हे आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एका संध्याकाळी छावणीत एक नर टॅरंटुला चालत आला. नर मोठा झाला की बीळ सोडतो आणि मादी शोधत हिंडतो. सलीमभाईंनी त्याला त्याच मापात धरून आणला. ओट्यावर बातमी गेली, फॅट खोलीत ही गर्दी! मारुती मुकादम सगळ्यात पुढे.

"जुळवा ताई, कोयता जुळवा! आपला तर धंदाच हाय ह्यो."

मी मऊ ब्रश हातात धरून बसले, काही वाकडं झालं तर दोघांच्या मध्ये घालायला. नराला आत सोडलं. तो बिळापाशी गेला आणि पुढच्या पायांनी जमिनीवर ठकठक करायला लागला.

"काय करतोय?"

"विचारतोय. मी खाद्य नाही, पाहुणा आहे, असं सांगतोय."

"चांगल्या घरातला दिसतोय," मारुती म्हणाला.

दोनदा अगदी नीट वाजवलं त्यानं. मादी बाहेर आली. सगळं रीतसर चाललं होतं. मग नराला काय घाई झाली कुणास ठाऊक. न वाजवताच पुढे सरकला. माझा ब्रश पोचायच्या आत खेळ संपला!

मारुतीनं डोक्यावरची टोपी सरळ केली.

"अर्धा कोयता झाला की हो!"

त्याची बायको दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "अवो, आजपून घरी येतानी दार वाजवून येत जावा!"

*

आता तो दिवस, ज्या दिवशी चेअरमन गेले.

मी बीडला गेले होते. किल्ली रुक्मिणीकडे. कोळी मोठा होतो तेव्हा कात टाकतो. त्यासाठी तो पाठीवर उताणा पडतो, पाय वर करून, तासन्‌तास. अगदी मेल्यासारखा. हे मी रुक्मिणीला सांगायचं राहून गेलं होतं. तिनं दार उघडलं, बघितलं, मला फोन लावला. मी एसटीत, रेंज नाही. मग तिनं ओट्यावरूनच रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या सलीमभाईंना हाक मारली.

"सलीमभाई! चेअरमन उताने पडल्यात! पाय वर केल्यात! हलंनात!"

रस्त्यावर टँकर उभा होता. टँकरवाल्यानं ऐकलं आणि टँकर पुढच्या वस्तीवर गेला. तिथून छावणीत, छावणीतून चौकात, आणि चौकात पोचेपर्यंत 'चेअरमन गेले' एवढंच उरलं. कड्याच्या पाहुण्यांना फोन झाला, ते जीप करून निघाले.

खरे बाप्पा शेतात होते, फोन घरी. मोटारसायकलवरून घरी आले तर अंगणात ही गर्दी! बायका पदर डोळ्याला लावून, माणसं टोप्या काढून. बाप्पांनी गाडी लांबच लावली आणि शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला दबक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं बाबा?"

म्हातारा मागे न वळता म्हणाला, "चेअरमन."

"कंचं चेअरमन?"

"आपलंच की."

बाप्पांनी टोपी काढली आणि गुपचूप मागे मांडी घालून बसले.

पुढे मारुती मुकादम उभा राहून बोलत होता. खुद्द मारुती, जो बाप्पांवर अविश्वास ठराव आणणार अशी कुजबुज होती! "मानूस फटकळ हुता. पर पोटात काय न्हवतं. छावनी आनली ती बाप्पांनी. दूध बंद झालं तरी सोसायटीला कुलूप लागू दिलं न्हाई ते बाप्पांनी. आमी लई तरास दिला त्यांला..."

मारुती टोपीनं डोळे पुसायला लागला. तो थांबला. मागच्या रांगेतून आवाज आला.

"म्होरं बोल की बे. थांबला कावून?"

मी घरी न जाता पळत फॅट खोलीत पोचले तेव्हा बाप्पांच्या अंगणातला हशा तिथवर ऐकू येत होता. आत रुक्मिणी एकटीच. तिला रडू यायच्या आतच त्या उताण्या अंगात हालचाल दिसली होती. तिनं माझा जुना कॅमेरा काढला, गाळणीचा डिफ्यूझर लावला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत फोटो काढत बसली. जुनं अंग झाकणासारखं उघडलेलं. त्यातून एकेक पाय ओढत बाहेर येणारी, ओली, फिकट, कोवळी चेअरमन. इतके सुंदर फोटो मी आजवर काढलेले नाहीत, हे मी मोठ्यानं सांगते.

रुक्मिणी डब्याकडे बघत म्हणाली, "ताई, एवढ्या दुष्काळात बी हिला वाडायचं सुचलं."

*

आणि दूध आलं.

काही घरांनी मूरघास केला होता, म्हणजे हिरवा चारा दाबून मुरवून ठेवला होता. त्याच्या जोरावर त्यांनी गायी छावणीतून घरी आणल्या. पहिली गाय मारुतीची, दुसरी गया आत्यांची. पहिल्या सकाळी कॅनच्या जेमतेम तळाला दूध होतं, तरी बाप्पांनी नारळ फोडला. गया आत्यांनी मुलाला आणि रुक्मिणीला सांगून टाकलं, "यंदा तुमी कोयता घिऊन जाऊ नका. गाय सांभाळा." मी इतकी खूश, आणि आतून इतकी धास्तावलेली, की नारळाचा प्रसाद हातातच राहिला. संघाकडून फॅट तपासायचं नवं मशीन येणार होतं. ते बसणार फॅट खोलीत.

सोसायटीची सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी सभासद नाही, मला बोलायचा हक्क नाही. रुक्मिणी आणि मी शेवटी खांबाला टेकून बसलो. घरच्या पत्र्याखाली आमची चेअरमन जगणार नव्हती, आणि माळावरचा चर तिच्या बिळावरून गेला होता. रुक्मिणीनं माझा हात धरला होता.

सगळे विषय झाले. बाप्पांनी कवळी सारखी केली आणि माइकवर म्हणाले, "आता आयत्या वेळचे विषय. कुनाला काय बोलायचंय?"

मारुती मुकादम उठला. "चेअरमनला काढा!"

बाप्पांच्या हातातला माइक किंचाळला.

"तुमाला न्हाई, बाप्पा! त्या आतल्या!"

"मंग नाव घिऊन बोल."

"नावच चेअरमन हाय, त्याला म्या काय करू? माझं काय वाकडं न्हाई तिच्याशी. पर दुधाच्या खोलीत कातीन दिसली तर संघ आपलं दूध माघारी धाडंल. कशीबशी गाय घरी आनलीया."

तो खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट होतं. लोक माना डोलवायला लागले. मारुती म्हणाला, "हात वर करा, निकाल लावा."

तेवढ्यात गया आत्या उठल्या. माइकची गरज नव्हतीच.

"मला एक सांग मारुती. चेअरमनला असं हात वर करून काडता येतंय व्हय?"

"कावून न्हाई?" मारुती तोऱ्यात म्हणाला. "सभा बसलीया. हात वर केले, चेअरमन भाईर. इषय संपला!"

"असं म्हनतूस?" आत्या शांतपणे वळल्या. "बाप्पा, हे खरं हाय का? तुमी सांगा. म्हंजी आमाला बी कळंल."

सगळा व्हरांडा बाप्पांकडे बघायला लागला. कुणीतरी खुदकन हसलं आणि तोंड दाबलं. बाप्पांनी मारुतीकडे बघितलं. मारुतीच्या मागे बसलेल्या त्याच्या माणसांकडे बघितलं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. मग उभे राहिले.

"न्हाई!" बाप्पा माइकमध्ये गरजले. "चेअरमनला आयत्या वेळच्या इषयात काडता येत न्हाई! त्याला रीत हाय, नोटीस हाय, समदं हाय. मग चेअरमन दोन पायाचा असू दे, न्हाईतर आठ!"

"आन मशीन?" मारुती ओरडला.

"मशीन फॅट खोलीत बसंल. चेअरमन चेअरमनच्या हापिसात बसंल. माझ्या खुर्चीमागं भिंतीत देवळी हाय, तिला काच लावून घ्या. सभा संपली!"

टाळ्यांनी पत्रे हलले. मारुतीही टाळ्या वाजवत होता. रुक्मिणीनं माझा हात इतका दाबला की अजून आठवतं.

सलीमभाईंनी त्याच दिवशी काच बसवली, वारा जायला जाळी ठेवली आणि काचेच्या वर एक छोटी झडप केली. संध्याकाळी मी डबा देवळीत ठेवला, सगळ्यांचा चहा झाला, घरी निघाले आणि फाट्यावर गेल्यावर लक्षात आलं की ब्रश विसरला.

परत आले तर ऑफिसचं दार अर्धं उघडं. आत बाप्पा एकटेच. देवळीसमोर उभे, माझ्याकडे पाठ. एका हातात बाटलीचं झाकण, पाण्यानं अर्धं भरलेलं, सांडू नये म्हणून बोटांत जपून धरलेलं. दुसऱ्या हाताचं एक बोट त्यांनी काचेवर नेलं आणि हळूच दोनदा वाजवलं.

"चेअरमन," बाप्पा म्हणाले, "येऊ का आत?"